नंबरावरचं कुंकू

माझा भाचा ठाण्याला राहतो. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. "मामा, घरातले सगळे जुने फोटो आणि पावत्या कॉम्प्युटरवर घ्यायच्यात. कुठेही नेता येईल असा छोटा स्कॅनर सुचव. बजेट सांगू?"

मी म्हटलं, "बजेट राहू दे. आधी फोटो कुठे ठेवलेत ते सांग."

त्याला आठवावं लागलं. मग म्हणाला, "माळ्यावर असतील. का रे?"

त्या 'का'चं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. त्याला घाई होती आणि मला पाल्हाळ लावायची सवय आहे, असं आमच्या घरातलं मत आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी चार पानं दिलीच आहेत, तर ते उत्तर इथेच देऊन टाकतो.

लालबागला एका चाळीच्या जिन्याखाली माझं दुकान होतं. झेरॉक्स, लॅमिनेशन, स्कॅनिंग. दुकान एवढं ऐसपैस की आत दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्याने फुटपाथवरूनच कागद आत द्यायचा. वरून कुणी जिना उतरलं की माझ्या डोक्यावर धूळ पडायची आणि कोण उतरलं ते मला चपलांच्या आवाजावरून कळायचं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा दुकान दुसऱ्याला चालवायला दिलं. स्कॅनर मात्र घरी घेऊन आलो.

फोटोंशी माझी ओळख त्याच्याही आधीची. तरुणपणी मी गिरणीत बदलीवर होतो. बदली म्हणजे कायमचा कामगार आला नाही तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं उभं राहायचं. संप सुरू झाला तेव्हा सगळे म्हणाले, दोन महिन्यांत मिटेल. तो मिटला असं अजून कुणी मला सांगितलेलं नाही. वडील कायमचे कामगार, ते वाट बघत बसले. मला वाट बघायला जागाच नव्हती, म्हणून दादरच्या एका फोटो स्टुडिओत, फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीत, म्हणजे डार्करूममध्ये लागलो.

पहिल्याच आठवड्यात मी तिथे एक पराक्रम केला. फिल्म आली की तिच्या पाकिटावर गिऱ्हाइकाचं नाव आणि फोटोचं माप लिहायचं काम माझ्याकडे होतं. टेबलावर लाल पेन्सिल पडली होती, मी ठसठशीत अक्षरात तिने लिहिलं. आत जाऊन लाल दिवा लावला आणि बघतो तर सगळी पाकिटं कोरी. मला वाटलं, पेन्सिलच खोटी. अंदाजाने फोटो छापून पाकिटात भरले आणि प्रभादेवीच्या नवरीला परळच्या बारशाचे फोटो गेले. मालक, पाध्ये त्यांचं नाव, तापट होते पण शिकवायला कंटाळायचे नाहीत. ते म्हणाले, "लाल दिव्याखाली लाल दिसत नाही रे. कागदही लाल, अक्षरही लाल, डोळ्याला सगळं एकच. निळ्या पेन्सिलने लिही." मी पुढे सगळी वर्षं निळीनेच लिहिलं. ती चूक पुढे आपल्या एवढ्या उपयोगी पडेल, हे मात्र तेव्हा वाटलं नव्हतं.

रंगीत फोटोंची मोठी मशीनं आली तेव्हा डार्करूम बंद पडली आणि मी जिन्याखाली आलो.

स्कॅनर घ्यायची वेळ माझ्यावर जानकीबाईंनी आणली. या कफ परेडच्या मच्छीमार नगरातल्या कोळीण. घरची बोट, कारभार सगळा त्यांच्या हातात. दर उन्हाळ्यात लालबागला वर्षाचा मसाला करून न्यायला यायच्या. मिरच्या कुटून होईपर्यंत चार तास मोकळे, त्यात बाकीची कामं. एका वर्षी त्यांनी बोटीसाठी घेतलेल्या डिझेलच्या पावत्या माझ्यापुढे ठेवल्या. डिझेलच्या सवलतीसाठी त्या मच्छीमारांच्या सोसायटीत दाखवायच्या होत्या. "भाऊ, ही अक्षरं उडत चाललीत. प्लास्टिक मारून दे."

पंपावर मिळते तशी पातळ, गुळगुळीत कागदाची पावती. त्या कागदावर शाई नसतेच. कागदाला उष्णता लागली की तेवढी जागा काळी होते, तीच अक्षरं. हे मला तेव्हा माहीत होतं का? वाचलेलं होतं. पण समोर गिऱ्हाईक, हातात पावती आणि बाजूला तापलेलं लॅमिनेशनचं मशीन, अशा वेळी वाचलेलं आठवत नाही. मी पहिली पावती आत घातली. दुसऱ्या बाजूने कोळशासारखी काळी पट्टी बाहेर आली. मला वाटलं, हीच पावती खराब असेल, म्हणून मी दुसरीही घातली. हे आता लिहितानाही कान गरम होतात.

जानकीबाईंनी दोन्ही पट्ट्या हातात घेतल्या, उजेडात धरल्या. "भाऊ, बोंबील पन इतका काला नाय होत रं. आता ह्या कोनाला दाखवू मी?"

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी त्यांच्याबरोबर डिझेलच्या पंपावर गेलो. तिथल्या कारकुनाने आधी आम्हाला हाकललं, मग जानकीबाईंनी आवाज चढवला, मग त्याने नकला काढून दिल्या. परत येताना त्यांनी मला वाळत घातलेल्या बोंबलांच्या मांडवाखालून नेलं, एक जुडी माझ्या पिशवीत कोंबली आणि म्हणाल्या, "आधी फोटू काढून ठेवायचा, मग काय त्या भट्टीत घालायचं ते घाल." ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडूनच बोंबील आणि अक्कल दोन्ही घेऊन मी घरी आलो.

त्या आठवड्यात लॅमिंग्टन रोडला गेलो. आता भाच्याने कान देऊन ऐकावं असा भाग आला.

कुठेही नेता येणारे स्कॅनर मला तिथे तीन तऱ्हेचे दाखवले. एक सळईसारखा, तो हातात धरून कागदावरून फिरवायचा. माझा हात चहामुळे थरथरतो, त्यामुळे अक्षरं लाटांवर बसल्यासारखी आली, तो तिथेच बाद. दुसरा कागद ओढून घेणारा. एका फटीत पावती धरली की आतले रबरी रूळ ती ओढतात आणि पलीकडून बाहेर काढतात. त्यातलं जरा बरं मशीन कागदाच्या दोन्ही बाजू एकाच दमात टिपतं. तिसरा काचेचा. पाटीएवढा, पातळ, वर झाकण. कागद काचेवर पालथा ठेवायचा, झाकण लावायचं, आतला दिवा खालून सरकत जातो. याला वेगळी वीज लागत नाही, लॅपटॉपच्या वायरीवर चालतो. पण प्रत्येक कागद हाताने ठेवा, हाताने उचला, फार सावकाश काम.

मी ओढणारा घेतला. सावकाश काम मला आवडत नव्हतं.

पावत्यांसाठी तो उत्तमच होता. ठाकूरद्वारच्या आगाशे सरांचं काम त्यावर झालं. सर निवृत्त शिक्षक, पत्नीला जाऊन वर्ष झालेलं. जिने चढ-उतर जमत नाही म्हणून मलाच घरी बोलावलं. भिंतीवर तारेच्या आकड्याला ओवलेल्या पावत्यांचे चार गठ्ठे होते. किराणा, औषधं, दूध, गॅस. मी पहिली पावती लावली तर सर म्हणाले, "ती बाजू नको हो. मागची."

मागे पेन्सिलने बारीक अक्षर होतं. 'नलू आली होती. साबुदाण्याची खिचडी. यांना बरं नाही.' प्रत्येक पावतीच्या मागे असंच एखादं वाक्य. बाईंनी डायरी कधी विकत घेतली नव्हती, कोरी बाजू वाया जाऊ नये म्हणून पावत्यांवर लिहीत आल्या होत्या आणि सरांना हे त्या गेल्यावर कळलं. बहुतेक वाक्यं अर्धी होती, कारण तार नेमकी मधून गेलेली. मी दोन दिवस सगळ्या पावत्यांच्या दोन्ही बाजू घेतल्या. सर बाजूला बसून वाचत होते. मधेच म्हणाले, "मी रोज संध्याकाळी स्वतः ओवायचो या. अगदी नीट, मधोमध."  मी पुढची पावती लावली.

या यशाने मी हवेत गेलो. घरी आलो आणि आमच्या आईवडिलांचा लग्नानंतरचा, गिरगावच्या स्टुडिओत काढलेला एकुलता एक फोटो त्याच मशीनला लावला. जुना फोटो वळलेला असतो, त्याचा वरचा थर दमट हवेत चिकट होतो आणि कडा कडक होतात. मी डार्करूममध्ये उमेदीची वर्षं घालवलेला माणूस, मला हे कुणी सांगायला नको होतं. मशीनने फोटो तिरका ओढला, अडकला, मी घाबरून मागे खेचला आणि आईच्या खांद्यापासून वडिलांच्या छातीपर्यंत पांढरा ओरखडा उठला.

बायको स्वयंपाकघरातून आली. फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं. "बरं झालं, दुसऱ्या कुणाचा नाही घातलात," एवढंच म्हणाली आणि आत गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी जाऊन काचेचा स्कॅनर आणला. दुकानदाराने पहिला परत घेतला नाही, घ्यायचं काही कारणही नव्हतं. तेव्हापासून माझ्या पिशवीत दोन मशीनं. पावत्या आणि नवे कागद ओढणाऱ्यात. फोटो, पास, दाखले, पोथीची पानं, ज्याची दुसरी प्रत जगात नाही असं काहीही, फक्त काचेवर. पावत्यांना इंचाला तीनशे ठिपके पुरतात, फोटोला सहाशे घ्यावेत. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर सोडवायला जाऊ नये, काचेसकट मोबाइलने टिपावा, कारण हे पातळ स्कॅनर स्वतःच्या काचेला टेकलेलंच नीट बघतात. आणि काहीही पुसू नये. हे शेवटचं मला परबकाकींनी शिकवलं.

गिरणी कामगारांना घरं मिळणार म्हणून अर्ज भरायला लागले तेव्हाची गोष्ट. आमच्या भागात कुणाच्या ट्रंकेतून काय बाहेर येईल याचा नेम नव्हता. रजेची कार्डं, पगाराच्या चिठ्ठ्या, निरोप समारंभाचे फोटो. लोक गावाहून एसटीने येत, छातीशी प्लास्टिकची पिशवी धरून माझ्या दुकानाबाहेर उभे राहत. काहींच्या पिशवीत वाळवीने खाल्लेला भुगा असे, तोही ते मला उघडून दाखवत.

परबकाकी एका सकाळी मुलाबरोबर आल्या. सत्तरी ओलांडलेली, मालवणकडची, बारीक अंगाची बाई. मुलगा दिगंबर चाळिशीतला, वडिलांच्याच गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये सुपरवायझर. त्यांची अडचण त्याने सांगितली. वडील विष्णू रामा परब. संपानंतर गावी गेले, तिकडेच वारले. गिरणीच्या कामगारांच्या यादीत विष्णू रामा परब या नावाचे तिघे जण निघाले. तिघेही मालवणकडचेच, घरोघर तीच नावं ठेवायची तिकडे पद्धत. तिघांना वेगळं करणारी एकच गोष्ट, गिरणीतला तिकीट नंबर, म्हणजे कामगाराचा हजेरीचा नंबर. कचेरीतून पत्र आलं होतं की सोमवारी पुरावा घेऊन या, नाहीतर अर्ज बाद समजू. आज शुक्रवार. बाकीचे कागद गावच्या घरात वाळवीने संपवले होते. उरला होता फक्त गिरणीचा पास.

त्याने रुमाल सोडून पास माझ्यापुढे ठेवला. पुठ्ठ्याचा, तळहाताएवढा. डाव्या कोपऱ्यात फोटो स्वच्छ, तरुण माणूस, बारीक मिशी. खाली नाव स्वच्छ. आणि नंबराच्या जागी बोटाच्या रुंदीचा लालभडक डाग, तेलाने पुठ्ठ्यात मुरलेला.

"हे काय?" मी विचारलं.

"कुंकू," दिगंबर म्हणाला. तो वैतागलेला होता. "दर दसऱ्याला आई लावते."

काकींनी पदर सारखा केला आणि सांगायला लागल्या. दसऱ्याला गिरणीत प्रत्येक जण आपल्या मशीनची पूजा करायचा, हार घालायचा. माझे वडीलही करत, मी पाहिलेलं आहे. संपाच्या वर्षी दसरा आला आणि गेटला कुलूप. "मशीन आत, आमी भायर," काकी म्हणाल्या. "तर ह्येंनी पाटावर पास ठेवलो. म्हणाले, माझा हत्यार आता ह्याच. मी फोटोक कुंकू लावूक गेलंय, तर हात धरल्यानी. जित्या माणसाच्या फोटोक कुंकू लावतत काय गो? म्हणान मग नंबराक लावलां."

दरवर्षी त्याच जागी. गावी गेल्यावरही. नवरा गेल्यावर फोटोला लावायला हरकत उरली नव्हती, पण बोटाला ती जागा सवयीची झाली होती. त्या नंबरानेच गिरणीत त्यांना हाक मारत, पगाराच्या रांगेत, गेटवर. काकींना तो एके काळी पाठ होता. आता पहिला आकडा सात की एक, तेही आठवत नव्हतं.

दिगंबरने खिशातून स्पिरिटची बाटली आणि कापूस काढला. "केमिस्टने दिलंय. तुम्ही पुसा, तुमचा हात चांगला."

मी कापूस घेतला. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिलं तेच आलं होतं. म्हटलं, कोपऱ्यात जरा करून बघू. बाटलीचं झाकण काढलं, तेवढ्यात काकींनी पासवर पालथा हात ठेवला.

"नाय हां. पुसूचा नाय."

"आई, नंबर दिसला नाही तर घर जाईल," दिगंबर म्हणाला. "घर गेलं तर मग पास काय करायचाय?"

"जाऊ दे गेला तर." काकी त्याच्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. "माझां कुंकू एकदा पुसलां रे. चार बायकांनी धरून पुसलां. आता ह्येचां नको."

दिगंबर बाहेर जाऊन फुटपाथवर उभा राहिला. मी कापूस खाली ठेवला. माझी आई अशीच एका दुपारी भिंतीला टेकून बसली होती, कपाळ ओलं, आणि मी दारात उभा होतो. तेव्हा मला कुणाचाही हात धरता आला नव्हता. ते सगळं त्या जिन्याखाली माझ्या अंगावर आलं आणि जरा वेळ मला समोरचं दिसेना.

काकींना चहा मागवला. पास झाकणाखाली ठेवला आणि निदान आहे तसा रंगीत टिपून घेऊ म्हणून बटण दाबलं. काचेखालचा दिवा सरकत गेला. पडद्यावर पास मोठा होऊन आला, नंबरावर ते लाल तळं तसंच. मी त्याच्याकडे बघत बसलो आणि एकदम मला पाध्ये मालकांचा आवाज आठवला. लाल दिव्याखाली लाल दिसत नाही रे.

रंगीत चित्र कॉम्प्युटरमध्ये तीन थरांचं असतं, लाल, हिरवा, निळा. हवा तो एकच थर ठेवून बाकीचे दोन झाकता येतात. नुसता लाल थर ठेवला तर तो डार्करूमच्या दिव्यासारखाच. कागद उजळ आणि लालही उजळ. काळं तेवढं काळं राहतं. दुकानात एवढी वर्षं हा प्रोग्राम मी लोकांच्या डोळ्यांतला लालपणा काढायला वापरत होतो, आणि हे मला सुचलं नव्हतं. मी हिरवा झाकला, निळा झाकला.

तळं आटलं. तेलाचा थोडा करडा ढग राहिला आणि त्यात काळ्या शाईतले चार आकडे उभे होते. पहिला सात होता.

मी दिगंबरला हाक मारली. तो आला, वाकला, मोठ्याने नंबर वाचला. काकींनी तो पुन्हा म्हटला, मग परत एकदा, जरा वेगळ्या चालीवर. "असां म्हणायचे गेटवर," त्या म्हणाल्या. मी पास काचेवरून उचलून त्यांच्या हातात दिला. कुंकू होतं तसं होतं.

इथे गोष्ट संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण सोमवारी दहा वाजता दिगंबरचा फोन आला. कचेरीतल्या बाई मी नंबर काढून दिलेला छापील कागद मान्य करायला तयार नाहीत.

मी दोन्ही गुडघ्यांना शिव्या देत, लॅपटॉप आणि काचेचा स्कॅनर पिशवीत घालून टॅक्सीने गेलो. ओढणारा घरीच ठेवला. टेबलामागे पस्तिशीच्या एक अधिकारी मॅडम होत्या. वाईट नव्हत्या. त्यांच्यासमोर पास आणि माझा कागद शेजारी शेजारी ठेवलेला. त्या म्हणाल्या, "काका, राग मानू नका. पासवर नंबर दिसत नाही आणि तुमच्या कागदावर दिसतोय. कॉम्प्युटरवर काय वाट्टेल ते लिहिता येतं. मी सही कशी करू?"

त्यांचं बरोबर होतं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही केली नसती.

"तुमच्यासमोर करतो," मी म्हटलं. "मशीन आणलंय."

"इथे प्लग नाही."

"लागत नाही."

टेबलावर फायली सरकवून पाटीएवढी जागा केली. पण मॅडमनी आधी पास दिला नाही. एक कोरा कागद घेतला, त्यावर हाताने झाकून निळ्या पेनाने काहीतरी लिहिलं आणि वर लाल पेनाने गिरवून गिरवून सगळं बुजवून टाकलं. "आधी हे दाखवा," म्हणाल्या. गावोगावच्या लोकांनी रांग सोडून टेबलाभोवती कोंडाळं केलं.

 चुकलं असतं तर काकींचं घर माझ्या हाताने गेलं असतं, आणि जानकीबाईंच्या पावत्यांसारखी पंपावर त्याची नक्कल मिळाली नसती. कागद काचेवर ठेवला, झाकण लावलं, दिवा गेला. हिरवा झाकला, निळा झाकला. लाल गिरवणं नाहीसं झालं आणि खाली मॅडमचं स्वतःचं अक्षर दिसलं. त्यांनी पेट्रोल भरायची आठवण लिहिली होती. मागे कुणीतरी हसलं, मॅडमही हसल्या.

मग त्यांनी पास दिला. तो मी काकींच्याच हाताने काचेवर ठेवायला लावला. चार आकडे आले. मॅडमनी यादीवर बोट फिरवलं, तिघांपैकी दुसऱ्या विष्णू रामा परबांवर थांबल्या. नंबर जुळला. खातं विणकामाचं. त्यांनी दोनदा ताडून पाहिलं आणि सही केली.

बाहेर आल्यावर दिगंबरने माझे हात धरले. काकी मात्र व्यवहाराला पक्क्या. म्हणाल्या, "माका पण एक कागद काढून दे. त्यांका दिलंस तसो नको. कुंकवाचो दे." तो मी संध्याकाळी रंगीत छापून दिला.

घर अजून मिळालेलं नाही. पात्र लोकांच्या यादीत नाव आहे, सोडतीची वाट बघणं चालू आहे. वाट बघण्याची आमच्या गिरणगावाला सवय आहे, पण काकींच्या वयात ती चांगली सवय नव्हे. दर भेटीत मी विचारतो, त्या हाताने 'नाही' म्हणतात.

त्या वर्षी दसऱ्याला सकाळी काकी दुकानात आल्या. हातात तबक, झेंडूची फुलं, ओल्या कुंकवाची वाटी. "तुझा हत्यार खंय आसा?" मी काचेचा स्कॅनर गल्ल्यावर ठेवला. काच, वायर आणि ओलं कुंकू, पण नको म्हणायची माझी काय छाती होती. त्यांनी बोट बुडवलं आणि विचारलं, "खंय लावू?"

"नंबर सोडून कुठेही," मी म्हटलं.

काकी हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी झाकणाच्या मधोमध बोट टेकवलं.

तर भाचेबुवा, तुझ्या 'का'चं उत्तर एवढं लांब आहे. पावत्यांसाठी मोबाइल पुरेल, नवं काही घेऊ नकोस. फोटो माळ्यावरून आजच खाली काढ. आणि त्यासाठी लागणारा काचेचा स्कॅनर माझ्याकडे पडून आहे, येऊन घेऊन जा. काच रोज मऊ फडक्याने पूस. झाकण मात्र पुसायचं नाही.